नव्या जॅकचा नारळ

"बाळासाहेब, आधी गाडीखालून बाहेर या. चहा नंतर."

बाळासाहेब म्हणजे माझे साडू. बेलापुरात राहतात. मी नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सस्पेन्शनचं काम करतो. चाक आणि बॉडी यांच्यामधलं जे काही खड्ड्यांत झिजतं, ते बदलायचं, एवढंच. त्या रविवारी पाहुणा म्हणून गेलो, तर गेटातून साडूंचे नुसते पाय दिसले. बाकीचा माणूस गाडीखाली, खडखड शोधत. आणि गाडी ऑनलाइन मागवलेल्या एकट्या जॅकवर.

"साडूभाऊ, दोन टनाचा जॅक हाय," आतून आवाज आला. "गाडी टनभर बी न्हाई."

"जॅक वजनानं नाही, कलंडून पडतो. बाहेर या!"

माझा आवाज चढला असावा. मेहुणी लाटणं घेऊनच बाहेर आली. साडू ताबडतोब निघाले. माझ्यामुळे नव्हे, लाटण्यामुळे.

जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. धरायला लोखंडी स्टँड लागतात, आमच्यात त्यांना घोड्या म्हणतात. माझ्या डिकीत त्यांची जोडी होती. साडूंनी त्याऐवजी विटा पुढे केल्या. वीट काही सांगून फुटत नाही, म्हणून त्या मी परत पाठवल्या.

"हँडब्रेक ओढलाय का?"

"ओढलाय. पर लागत न्हाई. गिअरात हाय की गाडी!"

या गाडीचा गिअर पुढच्या चाकांना अडवतो. त्यातलं एक हवेत होतं. ते मोकळं फिरलं की गिअर असून नसल्यासारखाच. त्यात पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला गेटाकडे उतार. सगळीकडे पेव्हर ब्लॉक, दगड औषधालाही नाही. शेवटी नळाजवळ एक सापडला, तो मागच्या चाकामागे घट्ट बसवला. स्टेपनी काढून पुढच्या दाराखाली आडवी सरकवली. जॅक सटकला तर गाडी तिच्यावर बसेल, माणसावर नाही.

"कोणी हात लावू नका," असं बजावून मी घोड्या आणायला गेलो.

परत येतो तर साडूंचे वडील, नाना, जॅकला ओवाळत होते.

"नाना, हे काय?"

"नवी वस्तू हाय. हळद-कुंकू न लावता कामाला जुंपली, म्हनून तर गाडी खडखडतीय."

"गाडी दोन महिने खडखडतीय. जॅक काल आलाय."

"मंग? तिला आदीच कळलं आसंल."

यावर आमच्या ट्रेनिंगमध्ये काही शिकवलेलं नाही. जॅकला कुंकू लागलं, अगरबत्ती लागली. साडू हात जोडून उभे, मी दोन घोड्या घेऊन उभा. देवाच्या कामात आडवं कोण येणार? मग नाना नारळ घेऊन इकडे तिकडे बघत गाडीमागे गेले. मी "नाना, तो दगड नको" म्हणेपर्यंत चाकामागचा दगड निघून त्यांच्यापुढे आला होता आणि नारळ त्यावर आपटला होता. एका घावात दोन वाट्या.

गाडी हळूच मागे निघाली. जॅक कलंडला. धाडकन आवाज झाला आणि गाडी स्टेपनीवर बसली.

साडू दाराखालच्या जागेकडे बघत होते.

"मी तितंच झोपलो हुतो ना?"

"तिथंच."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बगा, पूजा केली म्हनून वाचला," नाना म्हणाले.

"टायर हुतं म्हनून वाचले हे!" मेहुणी कडाडली.

मग दगड परत लावून गाडी उचलली, स्टेपनी काढली आणि गाडी बाहेरच्या सपाट रस्त्यावर घेतली. शेजाऱ्यांकडून दगड आणून मागच्या दोन्ही चाकांना लावले, गाडी उचलून घोड्यांवर ठेवली, मगच मी खाली शिरलो. चाकाजवळचा लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनची छोटी दांडी, झिजून गेला होता. तो बदलला, खडखड थांबली. काम अर्ध्या तासाचं, अख्खा रविवार गेला. धडा एवढाच की घरी गाडी उचलणार असाल तर सपाट जागा बघा, चाकांना दगड लावा, घोड्यांशिवाय खाली जाऊ नका. आणि घरात भाविक माणूस असेल तर नारळ आधी फोडून घ्या.

निघताना बघतो तर नाना स्टेपनीपुढे उकिडवे बसलेले. तिला कुंकू लावत होते. निम्मं कुंकू जमिनीवर सांडत होतं.

"नाना, ती तर जुनी हाय," साडू म्हणाले.

"गप. पाया पड तिच्या."

साडू मुकाट्यानं वाकले.