गार्डनानांचे चिंचोके

गार्डनाना बोलताना कोणाच्या तोंडाकडे बघत नसत. मान वर, डोळे आभाळात. भुसावळच्या बाजारात वांगी घेतानाही तेच. भाजीवाली वैतागून म्हणायची, "नाना, वांगे आठी खाली हायेत!" आठ वर्षांच्या ओळखीत त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून एकदाच पाहिलं. ते एकदाचं पाहणं मला जन्मभर पुरलं आहे.

नाना मालगाडीचे गार्ड. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी रिटायर झाले आणि डबे मोजायचे सुटले, तसे ससाणे मोजायला लागले. आपल्याकडे हिवाळा काढायला आलेले ससाणे, भोवत्ये, गरुड होळीनंतर तापीकडून येतात आणि सातपुडा ओलांडून उत्तरेला परत जातात. हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं. मुंबईचे एक पक्षी-अभ्यासक अशी मोजणी करणारी माणसं शोधत होते. त्यांच्या पत्राला आमच्याकडून तिघे मिळाले: नाना, दवाखान्यातले कंपाउंडर आणि हायस्कुलातला नवा विज्ञानशिक्षक, म्हणजे मी. मला पाखरांचं वेड वगैरे काही नव्हतं. आमच्या हेडमास्तरांची त्या साहेबांवर भक्ती होती आणि माझी नोकरी कायम व्हायची होती, एवढंच.

यावलपर्यंत मोटार, पुढे दीड तास पायपीट, मग पायथ्याची ती बोडकी टेकडी. माथ्यावर एकच अंजनाचं झाड. पाखरू झाडाची रेघ ओलांडून उत्तरेला गेलं की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. कागद-पेन्सिल हातात घ्यायची नाही, कारण लिहायला मान खाली घातली की आभाळ सुटतं. घिरट्या घालणारं मोजायचं नाही, ते पुन्हा फिरून येतं. घारही मोजायची नाही. "घार आपल्या गावची. ती कुठी जाती?" असं नाना म्हणत. संध्याकाळी नानांच्या घरी डावा खिसा ताटात रिकामा करायचा, दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे जुळले की वहीत मांडायचे.

त्या वहीची मी यथेच्छ टिंगल केली आहे. आकड्यांच्या शेजारी नाना काय काय लिहीत! "पाणी प्यायलो, आभाळ सुटलं." "डोळ्यात कचरा गेला." एका पानावर तर "दुपारी डुलकी लागली. बारा ते पाऊण नोंद नाही." मी म्हणालो, "नाना, ही मोजणीची वही आहे की कबुलीजबाब?" आभाळाकडे बघतच ते म्हणाले, "मास्तर, दिसलं ते मांडाचं. नही दिसलं, तं नही दिसलं म्हनून मांडाचं. त्याच्यात लाज कायची?"

पाचव्या वर्षीच्या चैत्रात नानांना ताप भरला. कंपाउंडर त्यांच्या उशाशी बसले आणि टेकडीवर मी एकटा गेलो. अकरा वाजेपर्यंत नऊ चिंचोके डाव्या खिशात गेले. मग अंजनाखाली पाठ टेकली. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. आभाळ रिकामं होतं, आणि ते मघापासून रिकामं होतं की भरून वाहून गेलं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. मी उजव्या खिशात हात घातला आणि दोन मुठी चिंचोके डाव्या खिशात टाकले.

संध्याकाळी कंपाउंडरांनी ताट मोजलं, नानांनी तापात उठून बसून मोजलं. एकशे एक्केचाळीस. आकडे जुळले! आमच्या टेकडीवर चांगल्या दिवशीही कधी पन्नासाच्या वर गेले नव्हते. नानांच्या डोळ्यांना पाणी आलं. "आन् मी आठी पडेल व्हतो!" एवढंच ते म्हणाले. मला तेव्हाही तोंड उघडता आलं असतं.

आकडा मुंबईला गेला. पुढल्या चैत्रात साहेब स्वतः आले, मागे पंचा सावरत आमचे हेडमास्तर. कंपाउंडरांना दवाखान्यातून सुटी मिळाली नव्हती. तीन दिवसांत सगळी मिळून चौसष्ट पाखरं गेली. तिसऱ्या दुपारी साहेबांनी आम्ही मुंबईला धाडलेला नुसत्या आकड्यांचा कागद काढला, एकशे एक्केचाळीसवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "या दिवशी टेकडीवर कोण होतं?"

तेव्हा नानांनी मान खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते वाट बघत होते. मी हेडमास्तरांच्या चपलांकडे बघत राहिलो. मग नाना म्हणाले, "मीच व्हतो साहेब. वय झालं. घिरट्या मोजल्या गेल्या असतीन."

साहेब सज्जन होते. त्यांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला आणि सहाही वर्षांच्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागतील, असं अगदी हळुवार सांगितलं. एवढा मोठा घोळ ज्याच्या हातून होतो, त्याचे बाकीचे आकडे तरी कसे धरायचे?

टेकडी उतरताना नाना पुढे, मी मागे. मध्येच थांबून, पण मागे न वळता ते म्हणाले, "झोप कोनालेबी लागते, मास्तर. झोपलो म्हनून मांडलं असतं, तं चाललं असतं." त्यानंतर ते टेकडीवर गेले नाहीत. बाजारात दिसत, मान खाली घालून वांगी निवडताना. माझी रखडलेली नोकरी जूनमध्ये कायम झाली.

दोन वर्षांनी नाना गेले. दिवस झाल्यावर त्यांच्या सुनेने वही आणून दिली. "मामंजी म्हनले व्हते, मास्तरांले द्या." मी त्या एकशे एक्केचाळीसचं पान उघडलं. रोजच्या नोंदीखाली पाहणाऱ्याचं नाव असे. तिथलं माझं नाव सरळ एका रेघेने खोडलेलं होतं आणि वर नानांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. आकडा तसाच होता. शेजारची जागा कोरी होती.

वही माझ्या कपाटात आहे. त्या कोऱ्या जागेत "झोपलो होतो" हे दोन शब्द सहज मावतील. अजून लिहिलेले नाहीत.