मावशीच्या ओट्याचं माप

लोणावळ्याच्या ऑफिसात मी बंगल्यांची ड्रॉइंगं काढते. तिथे सगळा कारभार मिलिमीटरमध्ये. आंदर मावळातल्या मावशीच्या नव्या घराचं ड्रॉइंग करून द्यायचं ठरलं, तेव्हा गवंड्याला मिलिमीटरचा त्रास नको म्हणून मी मोठ्या मनानं सॉफ्टवेअर फुटांवर आणलं. एवढे उपकार केल्यावर त्याखालचा पर्याय कोण बघतं? तिथे फूट-इंच निवडायचं असतं. माझं ‘डेसिमल’वरच राहिलं.

मावशीचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी चुलीपुढे बसायला बंदी केली होती. उभं राहून रांधता येईल असा ओटा, एवढीच तिची मागणी. दोन फूट दहा इंच म्हणून मी ऐटीत २.१० टाकलं. दशांशातलं शेवटचं शून्य म्हणजे कचरा, म्हणून सॉफ्टवेअरनं ते उडवलं आणि कागदावर २.१ छापलं. गवंड्यानं वाचलं दोन फूट एक इंच. मी न बघता सही ठोकून मोकळी झाले होते.

तीन महिन्यांनी जेवायला गेले, तर मावशी ओट्यावर कमरेत वाकून तांदळाची भाकरी थापत होती. मधेच पिठाचा हात पाठीवर ठेवत होती.

“मावशी, ओटा एवढा बुटका का?”

“तुज्या कागदात तेवढाच हाय की. कंपूटरनं काडलेला. आल्यागेल्याला दावते मी.”

“पाठ दुखत नाही?”

“लय दुकती. पर तू येवढी शिकलेली. म्हनलं, आपलंच उभं ऱ्हायचं चुकत आसंल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि म्हणूनच मी गवंड्याला बोलावून आधी त्याच्यावर डाफरले.

“ताई, मला वाटलं मावशी स्टूल घिऊन बसनार,” तो म्हणाला. “आन कागदावर सही तुमची हाय.”

ओटा फोडायचं ठरलं. मी लॅपटॉप उघडून फूट-इंच निवडलं, दोन फूट दहा नीट टाकलं आणि स्क्रीन त्याच्यापुढे धरली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मावशीला भिंतीशी उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिलीनं रेघ मारली. मी टेप लावला. दोन फूट सात.

म्हणजे फूट-इंच आधीच निवडलं असतं, तरी मावशी खांदे उचलूनच भाकऱ्या थापत राहिली असती. दोन फूट दहा हे बंगल्यांचं माप. मावशीला मी टेप लावलाच नव्हता.