साताऱ्याचा शेजार

नंदाबाईंनी लाकडी साताऱ्याचा तुकडा उचलून नकाशाच्या खाचेत बसवला, आणि सातारा त्यांच्याच आवाजात बोलू लागला. "मी सातारा. माझ्याकडे कोयनेचं धरण आहे, महाबळेश्वर आहे." एवढं बोलून गप्प. बाईंनी तुकडा काढून पुन्हा बसवला. पुन्हा तेच, पुन्हा तिथेच गप्प. मग सोलापूर बसवून पाहिलं, सांगली बसवून पाहिली. प्रत्येकाने आपापली फुशारकी मारली आणि तोंड मिटलं.

"अहो, ऐकलंत का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मेल्यांनी शेजार कापलाय!"

दशरथराव स्वारगेट डेपोतून कंडक्टर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी पेपर खाली केला. "कुणाचा शेजार?"

"सगळ्यांचा!" बाईंचा आवाज असा चढला की शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद झाला.

आता यात एवढं भडकण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. कोड्याच्या खेळण्यातलं एक वाक्य गळलं, एवढंच ना? तर मग त्या वाक्याची जन्मकथा ऐका, म्हणजे कळेल.

नंदा ओव्हाळ धायरीच्या शाळेत लागल्या तेव्हा धायरी गाव होतं. सोसायट्या नव्हत्या, ऊस होता. चौथीच्या वर्गाला महाराष्ट्राचा भूगोल, आणि शाळेत नकाशा एकच, तोही विदर्भाकडून उंदरांनी खाल्लेला. बाईंनी फक्की मागवली आणि मैदानावर अख्खा महाराष्ट्र आखला. एकेका जिल्ह्यात एकेक पोर उभं केलं. ज्याचा जिल्हा त्याने त्याच्या तोंडाने बोलायचं: मी सातारा, माझ्याकडे अमुक आहे. आणि शेवटी न चुकता: "माझ्या उत्तरेला पुणे, पूर्वेला सोलापूर, दक्षिणेला सांगली, पश्चिमेला रत्नागिरी. या रे, हात द्या!" की शेजाऱ्यांनी हात धरायचे. हात दोनच आणि शेजारी जास्त, मग उरलेल्यांनी खांद्यावर हात ठेवायचा. वर्गातसुद्धा बाईंची पोरं हजेरीच्या क्रमाने नाही, नकाशाच्या क्रमाने बसत.

त्या वर्षी सातारा होता ऋषी, गावातल्या बड्या बागायतदाराचा, सर्जेरावांचा मुलगा. सोलापूर होता बुद्धभूषण, बाईंचा स्वतःचा. आईबरोबर रोज बसने यायचा. हात द्यायची वेळ आली, तेव्हा ऋषीने बुद्धभूषणच्या सदऱ्याच्या बाहीचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरलं. हात नाही धरला. घरून तसंच शिकून आलेला तो! नऊ वर्षांच्या पोराला हे शिकवणाऱ्यांना काय म्हणावं? वस्तीवरची पोरं अशी बाहीने धरली जातात हे बाईंनी लहानपणी स्वतः सोसलं होतं. तेव्हा त्या मूग गिळून बसल्या होत्या. आता नाही बसल्या.

"साताऱ्याची हद्द सोलापूरला थेट लागते, ऋषी," त्या म्हणाल्या. "मध्ये बाही नाही. हात धर."

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांची जीप मैदानात, थेट मराठवाड्यावर उभी राहिली. "बाई, भूगोल शिकवा की. पोरांना हात कशापायी धराय लावताय? आन् त्ये सोलापूर तुमचंच पोरगं हाय न्हवं?"

"हो, माझंच आहे," बाई म्हणाल्या. "नकाशा मात्र मी काढलेला नाही. आपल्याला चालत नसेल तर ऋषीला अरबी समुद्र करते. बाजूला एकटा उभा राहील, कुणी हात लावणार नाही."

हे ऐकून ऋषीने भोकाड पसरलं. त्याला समुद्र व्हायचं नव्हतं, सातारा व्हायचं होतं. सर्जेरावांनी पोराला गप्प करून पाहिलं, दटावून पाहिलं, शेवटी पाय आपटत जीपमध्ये बसले. आणि ऋषीने डोळे पुसून बुद्धभूषणचा हात धरला. पुढे दोघे एकाच कॉलेजात इंजिनियर झाले. बुद्धभूषण बंगलोरला गेला. धायरीचा ऊस बिल्डरांनी खाल्ला. ऋषीने आयटीत चार वर्षं काढली आणि स्वतःची कंपनी थाटली.

एके दिवशी तो बाईंच्या दारात. "मॅडम, तुमचा मैदानावरचा महाराष्ट्र आठवतोय. तोच लाकडात करायचाय. बोलणारं पझल. प्रत्येक खाचेत उजेड ओळखणारा बारीक डोळा असेल. तुकडा बसला की खाचेत अंधार, आणि अंधार झाला की जिल्हा बोलणार. पण आवाज तुमचाच हवा."

बाई हरखल्या. खोटं कशाला बोला! स्वारगेटजवळच्या एका कपाटाएवढ्या स्टुडिओत, आवाज येतो म्हणून पंखा बंद करून, घामाने चिंब होत त्यांनी सगळे जिल्हे बोलून काढले. प्रत्येक जिल्ह्यानंतर शेजार, आणि शेजारानंतर "हात द्या". आपण निवृत्त झालो तरी हे वाक्य पोरांच्या कानावर पडत राहील, एवढीच त्यांची हाव होती.

आणि आता हातात आलेल्या खोक्यात तेच नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय?

बाईंनी ऋषीला फोन लावला. त्याने आधी काखा वर केल्या. "मॅडम, चिपमध्ये जागा कमी पडली. शिवाय फीडबॅक होता की पेरेंट्सना फन फॅक्ट्स हवेत, शेजार बोअर होतो."

"ऋषी, मी तुला चौथीला शिकवलंय. तू खोटं बोललास की भरभर बोलतोस."

मग तो हळूच म्हणाला, "बाबा म्हणाले. बाकी काय हवं ते ठेव, म्हणाले, तेवढं हातबित धरायचं काढ. घरात वाद नको म्हणून मी..."

म्हणजे बघा! मैदानावर हरलेला माणूस पंचवीस वर्षं दबा धरून बसला, आणि पोराच्या चिपवर जिंकला. आणि पोरगा? ज्याने रडून हात मागितला होता, त्यानेच तो कापला. बाईंना बापापेक्षा त्याचाच संताप आला.

"तू शिकलास, इंजिनियर झालास, आणि पुन्हा बाहीवर आलास," त्या म्हणाल्या. "एक तर ते वाक्य परत घाल, नाहीतर माझा आवाज काढून टाक."

"मॅडम, शनिवारी पझलचं उद्घाटन आहे, आपल्याच शाळेत. तुमचा सत्कारही ठेवलाय."

"सत्कार? कुणाच्या हस्ते?"

"बाबांच्या," ऋषी म्हणाला.

शनिवारी दशरथराव दारापर्यंत आले. "जा. फक्त ओरडू नकोस, घसा बसतो."

सर्जेरावांच्या नावाची पाटी लावलेला शाळेचा नवा हॉल. स्टेजवर सर्जेराव, ऋषी, आणि मांडलेलं ते पझल, तुकडे शेजारी थाळीत काढून ठेवलेले. खाली सतरंजीवर बाईंची चौथी, सवयीप्रमाणे नकाशाच्या क्रमाने बसलेली. सांगलीला गोवर आलेला, म्हणून तिची जागा रिकामी होती. ऋषीची छोटी मुलगी तनुजा, झगमगीत फ्रॉकमधली, खुर्चीवर कंटाळून खाली उतरली आणि त्या रिकाम्या जागेत फतकल मारून बसली. तिच्या शेजारी अक्षता, वस्तीवरची, यंदाचा सातारा.

ऋषीला पडद्यावर कंपनीची माहिती दाखवायची होती. त्याने जाड पडदे ओढायला लावले, दिवे बंद करायला लावले. एवढे इंजिनियर, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की हॉलमध्ये अंधार झाला म्हणजे सगळ्या खाचांत अंधार झाला.

पझल बोलू लागलं. तुकडा एकही बसलेला नाही, आणि बाईंच्या आवाजात एकामागून एक जिल्हे सुटले. मी पुणे, माझ्याकडे शनिवारवाडा. मी नाशिक, माझ्याकडे द्राक्षं. मी कोल्हापूर, मी नागपूर, मी, मी, मी. पाहुणे हसायला लागले. आपल्याच तोंडची ती बढाई ऐकून बाईंच्या कानशिलांची आग झाली. ऋषी अंधारात बटण चाचपडत होता.

"मी सातारा. माझ्याकडे कोयनेचं धरण आहे, महाबळेश्वर आहे." आवाज थांबला.

आणि खालून, सतरंजीवरून, सवयीने पुढचं आलं. आधी अक्षता, मग अख्खी चौथी: "माझ्या उत्तरेला पुणे! पूर्वेला सोलापूर! दक्षिणेला सांगली! पश्चिमेला रत्नागिरी! या रे, हात द्या!"

दिवे लागले तेव्हा चौथीचा महाराष्ट्र हातात हात घालून बसला होता. अक्षताच्या हातात तनुजाचा हात होता.

सर्जेरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तनू, वर ये!"

"थांबा ना आजोबा, मी सांगली आहे!"

सर्जेराव तरातरा खाली उतरले आणि नातीचा मोकळा हात धरून त्यांनी ओढलं. तनुजाने अक्षताचा हात सोडला नाही. सांगलीमागे सातारा उठला, साताऱ्यामागे पुणे आणि सोलापूर, सोलापूरमागे उस्मानाबाद. सर्जेराव ओढताहेत आणि खिदळत अख्खी चौथी त्यांच्यामागून स्टेजवर येतेय! वर पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की सगळ्यांसमोर आपणही त्याच रांगेत, हातात हात घेऊन उभे आहोत. त्यांनी हात सोडवून पाहिला, पण नात सोडेना.

कुणीतरी घाईघाईने शाल-नारळ पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारला.

"शाल राहू द्या, सर्जेराव. तुमचा हात अडकलाय," त्या म्हणाल्या, आणि ऋषीकडे वळल्या. "हं. तुझं काय?"

ऋषीने बापाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग माइक खाली ठेवला, आणि जागा शोधत रांगेतल्या सोलापूरपाशी जाऊन त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाक्य परत घालतो, बाई," तो म्हणाला.