तळ्यावरचं चाकाचं घर

गॅरेजचं दार अर्धं वर सरकवलं की आधी दिसायची ती दोन चाकं, मग त्या चाकांवर टेकलेला गंजका लोखंडी सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर उकिडवे बसलेले बाबा – दातांत पेन्सिल, कानांवर ओढलेली लोकरी टोपी आणि श्वासागणिक नाकातून निघणारी वाफ. बाहेर मिनेसोटाचा नोव्हेंबर असायचा. पानं केव्हाच गळून गेलेली, आभाळ छपरांना टेकलेलं, शाळेची बस मला सोडून वळेपर्यंत अंधारून आलेलं. आत मात्र ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात ताज्या कापलेल्या लाकडाचा भुसा उडत असायचा, आणि त्याचा तो गोडसर, डिंकासारखा वास… अजूनही कुठे सुतारकाम चालू दिसलं की मी दोन मिनिटं उगाच रेंगाळते.

तिकडे हिवाळ्यात तळी इतकी घट्ट गोठतात की त्यांच्यावरून ट्रक जातात. लोक लहान लहान खोपटी ओढत तळ्याच्या मधोमध नेतात, बर्फाला भोक पाडून गळ सोडतात आणि खोपटीत ऊब घेत दिवसचे दिवस बसून राहतात. काही खोपटी चाकांवरची असतात. जागेवर पोचल्यावर एक दांडा गरगरा फिरवायचा, की चाकं वर उचलली जातात आणि घर अलगद बर्फावर बसतं. बाबा तसलं घर बांधत होते. यात हसण्यासारखं काय, तर हा माणूस नागपूरच्या कांदा-लसूणही वार बघून खाणाऱ्या घरातला. माशाशी त्याचा आयुष्यात आलेला संबंध म्हणजे माझी आई.

आई वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी सकाळ उजाडायची ती मासळीवालीच्या हाकेनं, आणि ताटात मासा नसला तर तिचे वडील घरात कोणी आजारी आहे का असं विचारायचे म्हणे. अशी बाई लग्न करून नागपूरकराच्या घरी आली आणि माझ्या सातव्या वर्षी आम्हा दोघांबरोबर मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात येऊन पडली. त्याआधी आम्ही पुण्यात असताना ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. मिनेसोटात तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी शिकली, पण बर्फात चालवायला घाबरायची. मासे मिळायचे ते दुकानातल्या थंडगार कपाटातले, प्लास्टिकमध्ये आवळलेले, पांढरे चौकोनी तुकडे. आई ते तुकडे हातात घेऊन नाकाशी न्यायची आणि परत ठेवून द्यायची. “याला वासच नाही,” म्हणायची, “हा मासा होता याला पुरावा काय?” तरी कधीमधी आणायचीच. आमसुलं आणि तिरफळं घालून शिजवायची, दुधाची तहान ताकावर भागवायची, आणि अर्ध्या ताटावरून उठायची.

त्या दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी ती बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसती खिडकीशी बसून असायची, स्वेटरवर शाल, शालीवर बाबांचं जॅकेट. मी शाळेतलं काही सांगितलं तर “हो का?” म्हणायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा “हो का?”. मग एका रात्री जेवताना, भाताचं शीत बोटानं बाजूला सारत, अगदी दूध संपलंय हे सांगावं तसं तिनं सांगितलं, “मार्चमध्ये शाळेला सुट्टी लागली की मी आणि ही परत जाऊ. तुम्ही तुमचं प्रोजेक्ट संपवून या. संपलं तर.”

बाबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि ती बराच वेळ खाली ठेवली नाही. मी आठ वर्षांची होते; मला एवढंच कळलं की आता आपण तिघं असणार नाही. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर गॅरेजमध्ये तो गंजका सांगाडा येऊन उभा होता. शेजारच्या डेलकाकांच्या परसात पडलेला बोटीचा जुना ट्रेलर होता तो. बाबांनी तो मागून आणला होता.

“बाबा, व्हॉट इज दिस?”

“घर,” बाबा म्हणाले. “तुझ्या आईसाठी. ताजा मासा पाहिजे ना तिला? टेप पकड त्या टोकाला. आणि आत्ताच काही बोलू नको तिच्यापाशी.”

बोलू नको म्हणे! गॅरेज घराला चिकटलेलं, करवतीचा आवाज आमटीच्या उकळीपर्यंत पोचायचा, बाबांच्या केसांत भुसा असायचा. आईला कळत नव्हतं असं नाही. तिनं फक्त विचारलं नाही, आणि बाबांनी सांगितलं नाही. आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी अशाच चालायच्या.

घर पाहावं बांधून, म्हणतात ते खोटं नाही. बाबा संगणकावर मोठमोठ्या यंत्रणा बांधायचे, पण त्यांची पहिली भिंत अशी तिरपी झाली की मी “इट्स क्रूकेड” म्हटल्यावर त्यांनी मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाले, “असं बघ, सरळ दिसते.” ती भिंत दोनदा काढून तिसऱ्यांदा बसवली. मग भिंतींच्या पोटात फोमचे जाड गुलाबी तक्ते भरले, बाहेरून पत्रा ठोकला. त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता – हिला थंडी वाजता कामा नये. दाराच्या फटीला रबर, खिडकीला दुहेरी काच, एका बाजूला गॅसची लहान शेगडी, आणि जमिनीवर प्लायवूडवर पुन्हा फोम, फोमवर पुन्हा प्लायवूड, त्यावर तांबूस रंगाचं लिनोलियम, कारण तिच्या माहेरची जमीन तशी लालसर होती. ते लिनोलियम त्यांनी गुडघ्यांवर बसून, हवेचा एक फुगा राहू न देता, पोळी लाटावी तसं लाटून चिकटवलं. मी कोपऱ्यात बसून खिळ्यांचा डबा धरायची आणि मनातल्या मनात देवाला सांगायची की हे घर इतकं छान होऊ दे की मार्च येऊच नये. डेलकाका मधूनमधून डोकवायला यायचे, पण बाबा दारातच त्यांना कॉफी देऊन परतवायचे. आत कोणी पाऊल टाकायचं नाही. गृहप्रवेश आईच करणार.

जानेवारीत तळं धरलं, म्हणजे ट्रक पेलण्याइतकं घट्ट गोठलं. डेलकाकांनी आपल्या ट्रकला ते घर जोडलं आणि बाबा त्यांच्या शेजारी बसून तळ्याच्या मध्यावर गेले. आई आणि मी काठावर आमच्या गाडीत बसलो. तळ्यावर आईनं आजवर पाय ठेवला नव्हता. कडाक्याच्या थंडीत बर्फ ताणला गेला की तळ्याच्या पोटातून लांबलचक हुंकार येतो, तो ऐकला की ती माझा हात घट्ट धरायची. “मी इथूनच बघते,” ती म्हणाली.

दूरवर ट्रक थांबला, चाकं वर गेली, घर खाली बसलं. डेलकाका ट्रक घेऊन थोडं पलीकडे स्वतःच्या खोपटीकडे गेले. आणि बाबा… बाबा दारापाशी उभे राहिले, हातात एक नारळ घेऊन. हाक नाही, हात हलवणं नाही. त्या सगळ्या पांढऱ्यात तेवढाच एक निळ्या जॅकेटातला माणूस. पाच मिनिटं झाली, दहा झाली असतील, आमच्या गाडीच्या काचा धुरकटल्या. आईनं तळहातानं काच पुसली, तरी ते तसेच.

“गोठतलो तो मेलो,” आई पुटपुटली आणि तिनं दार उघडलं.

आम्ही चालत निघालो. माझा हात तिच्या हातात इतका आवळलेला होता की बोटं दुखली, पण मी सोडवून घेतली नाहीत. तिनं एकदाही खाली पाहिलं नाही. पोचल्यावर बाबांनी नारळ तिच्या हातात दिला. तो तिनं लोखंडी पायरीवर एका घावात फोडला, पाणी ओघळलं आणि ओघळताना तिथेच गोठलं. मग उजवा पाय आत.

आत ऊब होती. तिच्या जुन्या सुती साडीचे पडदे होते, बसायला गादीचं बाकडं, मसाल्याच्या डब्याला फळी. तिनं पडद्याला हात लावला, शेगडीकडे पाहिलं, त्या लालसर जमिनीकडे फार वेळ पाहिलं. बाबा श्वास रोखून उभे. मीही. आणि मग आई, जी रागात किंवा फार आनंदातच मालवणीत बोलायची, म्हणाली, “सगळा बरा आसा. पण मासे खंयसून येतले?”

“कुठून म्हणजे?” बाबा म्हणाले. “बाहेरून. बाहेर पकडायचे, आणि थंडी वाजली की आत येऊन शेकायचं.”

आईनं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा त्या अखंड, सुरेख, एकही भोक नसलेल्या जमिनीकडे… आणि ती हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग तोंडावर हात धरून, मग बाकड्यावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. “अहो, घराच्या आत भोक असतं हो! त्यासाठीच घर! बाहेर बसून मासे धरायचे तर घर कशाला ओढत आणलंत?” बाबांचा चेहरा असा झाला की मीही हसत सुटले, आणि मग तेही. काही महिने आमच्या घरात जे झालं नव्हतं ते त्या लहानशा पेटीत सगळं एकदम झालं. हसता हसता आई रडायला लागली, तेव्हा बाबा तिच्याशेजारी बसले. दोघांच्या मध्ये फुटक्या नारळाची वाटी होती. “मला सांगायचं होतं गं तुला,” ते म्हणाले, “जाऊ नको म्हणून. पण तुला इथे करमत नाही ते मी बघूनच राहिलोय ना. मग कोणत्या तोंडानं सांगू?” आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, “करवत आणा.”

करवत डेलकाकांकडून आली. आईनं पोळ्यांच्या डब्याचं झाकण जमिनीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, आणि बाबांनी आपल्या हातांनी चिकटवलेलं ते लिनोलियम आपल्याच हातांनी कापलं. खालच्या बर्फात डेलकाकांच्या गिरमिटानं भोक पाडलं, तसं काळं, स्थिर पाणी वर आलं. आई त्याच्याकडे वाकून पाहत राहिली, जणू कोणी ओळखीचं भेटलं.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत तिला पट्ट्यापट्ट्यांचा एक लहान मासा लागला. हातभरही नव्हता. गळावरून सोडवून तिनं तो नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि म्हणाली, “आहे. वास आहे.”

मग तो सगळा हिवाळा शनिवार-रविवार आम्ही तिथेच. शेगडीवर तिरफळाची आमटी रटरटायची, खिडकी बोटभर उघडी असायची, आमसुलाचा आंबट दरवळ आमच्या कोटांना सोमवारपर्यंत पुरायचा. गळाला लावायच्या अळ्यांची डबी आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी राहू लागली. बाबा दही काढताना तिच्याकडे बघायचं टाळायचे. मासा त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नाही. त्याच बाकड्यावर बसून ते दहीभात खायचे. कधी आईच्या आग्रहानं गळ धरायचे, मासा लागला तर हळूच सोडून द्यायचे आणि “सुटला यार,” म्हणायचे. आईला सगळं दिसायचं. तिनं कधी विचारलं नाही.

आणि मार्च आला. बर्फ पिलपिलीत व्हायच्या आत घरं तळ्यावरून काढावी लागतात. बॅगा वरून काढल्या का, म्हणून मी रोज माळ्याकडे बघायची. घर अंगणात आणून ठेवलं त्या दुपारी आईनं आत शिरून डबे, पडदे, गादी बाहेर दिली, आणि दारातून बाबांना म्हणाली, “पुढच्या वर्षी एक भोक त्या खिडकीपाशी पाडा. तिथे ऊन येतं.”

बाबा “बरं” म्हणाले. मी मागच्या अंगणात धावत गेले आणि वितळत्या बर्फात उगाचच लोळले. कोट भिजला म्हणून आईनं धपाटा घातला. तो धपाटासुद्धा मला आवडला.

ती राहिली. पुढे तिला नोकरीचीही परवानगी मिळाली, गावातल्या औषधांच्या दुकानात ती रुजली, बर्फात गाडी बाबांपेक्षा बरी चालवू लागली. त्या घरात तिसरं भोकही पडलं, माझं.

दोन वर्षांपूर्वी पानगळीत बाबा गेले. मी आता दूर पूर्व किनाऱ्याजवळच्या एडिसनमध्ये राहते. इथे ओक ट्री रोडवर पापलेट मिळतं, बांगडा मिळतो, मराठी बोलणाऱ्या काकू-मावश्या ढिगानं आहेत, आणि थंडीही बेताची. मी आईला म्हणते, “ये ना इकडे. आता तिथे कोण आहे तुझं?” ती दर वेळी म्हणते, “येते गं. एकदा तळं धरू दे.” पण हल्ली हिवाळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. गेल्या वर्षी तळं नीट गोठलंच नाही. काठाकाठानं पापुद्रा धरायचा आणि दुपारी पाणी व्हायचं. ज्या बाईला त्या थंडीनं जवळजवळ घालवून दिलं होतं, ती आता रोज सकाळी काठीनं काठावरचा बर्फ ठोकून बघते आणि मला फोन करते. “आज पण नाही गं धरलं.”

मी तिला आग्रह करायचं सोडून दिलं आहे. सकाळी ट्रेनमध्ये बसले की मी फोनवर आधी त्या गावचं हवामान बघते, आणि पारा खाली उतरलेला दिसला की मला बरं वाटतं.