व्हीलचेअरचं चित्र आणि पहिल्या मजल्यावरचा साखरपुडा

"तुमच्या अ‍ॅपवर व्हीलचेअरचं चित्र आहे आणि इथे समोर नुसता जिना आहे!"

अनघा सावंत मुलुंडच्या एका हॉलच्या दारातून फोनवर बोलत होती. ती व्हीलचेअर वापरते. दोन दिवसांनी तिथे तिचाच साखरपुडा होता. बुकिंग फोटो बघून केलेलं, आमंत्रणं गेलेली.

आमचं साकीनाक्याचं ऑफिस हॉल बुक करायचं अ‍ॅप चालवतं. त्यावर कुठलं चित्र कुठे बसवायचं हे मी ठरवते, म्हणजे आमच्या पराग सरांनी आधीच ठरवलेलं नसेल तर. मध्यंतरी सरांना 'इन्क्लुझिव्ह' होण्याचा झटका आला आणि अ‍ॅपभर इमोजी उगवले. निळ्या चौकोनातली व्हीलचेअर जागेबद्दल सांगते: इथे रॅम्प किंवा लिफ्ट आहे, या. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचं चित्र वेगळं, ते माणसाबद्दल असतं. कानाजवळून ओठांकडे बोट नेणारं चित्र बहिऱ्या व्यक्तीचं. ते सरांनी 'फोन करा'च्या बटणावर लावलं होतं.

"सर, याचा अर्थ वेगळा आहे."

"क्यूट आहे गं, राहू दे ना."

निळ्या चौकोनासाठी हॉलमालकांनी फक्त टिक करायची होती. फुकट मिळतंय म्हटल्यावर सगळ्यांनी केली.

मी हॉलमालक महाडिकांना फोन लावला. "रॅम्प कुठाय?"

"रॅम्प कशाला? आमची चार पोरं आहेत ना! खुर्चीसकट वर नेतात. आजवर कोणाला पाडलं नाय."

त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. मी हे अनघाला कळवलं.

"पैठणी नेसून अनोळखी पोरांच्या हातांवर तरंगत जाऊ? आणि बाथरूमला जायचं झालं की परत हाका मारू?"

मला फार लाज वाटली. सरांना वाटली नाही. "पोरांना युनिफॉर्म देऊ. प्रोफेशनल दिसेल."

मी सरळ मुलुंड गाठलं. साखरपुड्याचा हॉल पहिल्या मजल्यावर, पण जेवणाचा हॉल तळमजल्यावर होता, दाराला उंबरासुद्धा नव्हता, बाथरूमही प्रशस्त. मी म्हटलं, "अंगठ्या खाली घाला, पंगत वर मांडा."

"अहो, पण सजवलेली खुर्ची वर आहे!" महाडिक कळवळले.

अनघा म्हणाली, "माझी खुर्ची मी घेऊन येतेय."

साखरपुडा खाली झाला आणि झकास झाला. अनघा आणि तिचा होणारा नवरा खालीच निवांत जेवायला बसले. बाकीचे जिना चढू लागले. नवऱ्या मुलाचे काका अर्ध्यावर गुडघे धरून थांबले. महाडिकांनी लगेच पोरांना खूण केली. चौघं पुढे झाले.

"हात नाय लावायचा!" काका कडाडले. "मी काय गोणी आहे?"

महाडिकांनी दुसऱ्याच दिवशी टिक काढली. रॅम्पचा किंवा लिफ्टचा फोटो दिल्याशिवाय चित्र मिळणार नाही, असा नियम मी लावला. आठवड्याभरात बहुतेक निळे चौकोन गेले.

"अ‍ॅप किती ओकंबोकं दिसतंय गं," सर म्हणाले.

"हॉलच तसे आहेत, सर," मी म्हटलं. "आता ते घरूनच दिसतं."