गुरुबसप्पांचा उघडा किल्ला

रोज सकाळी अकराच्या आत गुरुबसप्पा स्वतःच्याच किल्ल्याचं दार शत्रूसाठी उघडून ठेवत. वेडा म्हणू नका हं! माणूस चिंचोळी एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होता. कडी-कुलपाची अक्कल त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.

किल्ला मोबाईलमधल्या खेळातला. बायको, चंद्रव्वा, वारल्यावर लेकानं, शिवूनं, जर्मनीला निघताना तो फोनमध्ये टाकून दिला. "अप्पा, रोज यातच भेटू की." यक्ष, राक्षस, बुटके असले त्यातले वीर, आणि प्रत्येक खेळाडूनं एका दळाशी निष्ठेची शपथ घ्यायची. बाप-लेक दोघं सूर्यदळात. दोन महिने काय मजा! मग शिवू ऑफिसातल्या मित्रांबरोबर नागदळात गेला. "तुमीपण या," म्हणाला. अप्पा भडकले. "गळ्यातलं इष्टलिंग कुणी बदलतंय का रे? एकदा शपथ घेतली, घेतली." झालं! हट्टापायी लेक पलीकडे, बाप अलीकडे.

फोन केला की शिवू म्हणे, "कामात हाय अप्पा, नंतर करतो." ते नंतर काही यायचं नाही. एकदा मात्र सकाळी अकराला पडद्यावर अक्षरं उमटली: शिवूने तुमच्यावर हल्ला केला. त्या दिवशी दारावरचा पहारेकरी बुटका अप्पांच्या हातून चुकून हलला होता. अप्पांना इतका आनंद झाला की काय सांगू! तेव्हापासून रोज बुटका बाजूला, कोठार भरलेलं, आणि शिवूचे राक्षस आत शिरले की घरातल्या कानडीत म्हणायचे, "बा मगा." ये बाळा.

सूर्यदळाची प्रमुख ऋतुजा, अकलूजला शाळेत शिकवणारी, एक दिवस फोनवर तडकली. "काका, फितुरी करताय व्हय? पहारा लावा, न्हायतर दळातून काढते."

"पोरगं हाय माझं. रोज येतंय."

तिनं त्या हल्लेखोराचं खातं उघडून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काका, त्याच्या नावावर बोट ठेवा. शेवटची हजेरी वाचा."

सात महिन्यांपूर्वीची होती.

"त्यानं खेळ ऑटोवर टाकलाय. उघडा किल्ला दिसला की खेळच सैन्य पाठवतोय. आता तरी पहारा लावा."

"न्हाय लावत, बाई. शपथ धरून एकदा पोरगं घालवलंय मी. काढ मला."

तिनं काढलं. दुसऱ्या दिवशी अकराला राक्षस आले, शिवूचं नाव आलं. "बा मगा," गुरुबसप्पा म्हणाले, आणि चंद्रव्वा गेली तेव्हा अडवून धरलेलं रडू त्यांना आवरेना.