आधी फरशीवर थेंब

कदमसरांची आणि माझी ओळख एका सुईवरून झाली, आणि खरं सांगायचं तर थोडी भांडणानेच झाली. माझी नात मृण्मयी तेव्हा नुकतीच मुलुंडला सरांच्या मॉडेलच्या वर्गाला जायला लागली होती. विमानं, जहाजं, मच्छीमारांच्या बोटी, सगळं हुबेहूब पण ओंजळीत मावेल एवढं. तिला सोडून भांडुपला घरी जायचं आणि परत न्यायला यायचं, त्यापेक्षा मी तिथेच खिडकीशी गोधडी शिवत बसायचे. एके दिवशी सर आले आणि म्हणाले, बाई, मोठ्या नेढ्याची एखादी सुई देता का. दिली. तर त्यांनी पकडीने तिचं नेढंच वरून कापलं, माझ्या डोळ्यांदेखत.

आमच्याकडे तुटकी सुई घरात ठेवत नाहीत. दिवेलागणीनंतर तर सुई कुणाला देतही नाहीत. मी म्हटलं, अहो सर, चांगली सुई मोडलीत. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. सरांनी मला टेबलाशी बोलावून खुर्ची दिली. सुईचं टोक एका लाकडी दांडीत खुपसलं, त्यामुळे कापलेलं नेढं वर आलं, बेचकीसारखं दोन पायांचं. मग फरशीच्या तुकड्यावर सुपर ग्लूचा थेंब टाकला, बेचकीने त्यातला कणभर उचलला आणि बोटीच्या कठड्याला टेकवला. केसाएवढ्या तारेच्या सांध्यात गोंद आपोआप शिरला. बाहेर डाग नाही काही नाही.

"मोडली नाही बाई," सर म्हणाले, "तिची नोकरी बदलली."

आमचे हे गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले होते, त्यामुळे नोकरी बदलणं मला लगेच समजलं. त्या दिवसापासून वर्गाच्या सुया मी करते, त्याला आता तीन वर्षं झाली. ऐकायला सोपं वाटतं, पण नुसतं कापून भागत नाही. नंतर दगडावर घासायचं, दोन्ही पाय सारखे हवेत. फट मोठी झाली तर थेंब गळतो, लहान झाली तर चढतच नाही. गोंद सुकून गोळा झाला की मेणबत्तीवर जाळायचा, तोही खिडकी उघडून. मी एकदा डास येतात म्हणून खिडकी लावून घेतली होती, तर त्या धुराने इतकं पाणी आलं डोळ्यांतून की मृण्मयीला वाटलं कुणी गेलं की काय.

सर पूर्वी ट्रॉम्बेच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये नमुने बनवायचे. मोठमोठ्या साहेबांना यंत्र बांधायच्या आधी ते लहान करून दाखवायचं, हे त्यांचं काम. तिथली शिस्त त्यांनी वर्गात आणली. बाटली कधी थेट कामावर न्यायची नाही. आधी फरशीवर थेंब, मग सुईने उचलायचा. हे ते रोज सांगतात, रागावून नाही, पण रोज. मृण्मयीने एकदा घाई केली आणि तिच्या विमानाचा पायलट तिच्याच अंगठ्यावर बसला. सरांनी तो हळूहळू सोडवला आणि म्हणाले, आता याला तरी विचार, कुठे उतरायचंय.

घाटकोपरला वर्गाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा सरांनी खारदांड्याची एक बोट मांडली होती. लोक वाकून वाकून बघत होते. मृण्मयीने मला ओढत नेलं आणि बोटीखालचं कार्ड दाखवलं. सरांच्या नावाखाली लिहिलं होतं, 'सुया : सुलोचना पाटकर'. माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे छापलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. सरांना म्हटलं, एवढ्याशा सुईचं काय नाव लावायचं. ते म्हणाले, बोट तिनेच चिकटवली ना.

आता मुख्य गोष्ट. यंदा सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याने त्यांना लहानपणापासून अंधुक दिसतं, म्हणजे जे काही आहे ते उजव्यावरच. महिनाभर त्यांची नवी बोट अर्धवट, रुमालाखाली झाकलेली. कुणी विचारलं की म्हणायचे, बोट काय, किनाऱ्यालाच आहे. पण आम्हाला कळत होतं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, मालाडला बहिणीकडे जावं लागलं. दुपारचा ड्रॉप घालायचं काम माझ्यावर आलं. हिरव्या झाकणाची बाटली, एक थेंब, असं त्या सांगून गेल्या. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण हिरवं कळतं.

सर घरी खाटेवर आडवे, मान मागे, डोळा उघडा. शेजारी त्यांच्या कामाच्या टेबलावर फरशीचा तुकडा, सुई आणि हिरव्या झाकणाची बाटली होती. मी ती उघडली, आणि माझ्या हाताने मला न विचारता ती आधी फरशीच्या तुकड्यावर नेली. एक थेंब टाकला. सवयच ती. मग स्वतःलाच म्हटलं, अगं बये, हा काय गोंद आहे? तेवढ्यात तो वास आला. सुई टेकवून पाहिली, तर ती फरशीलाच चिकटून बसली.

मी ते हिरवं झाकण उलटसुलट करून पाहिलं. आदल्या आठवड्यात गोंदाच्या बाटलीचं झाकण चिकटून तुटलं होतं, म्हणून ऑपरेशनआधीच्या एका संपलेल्या ड्रॉपच्या बाटलीचं हिरवं झाकण मीच तिला लावलं होतं. अगदी फिट बसलं म्हणून खूशही झाले होते.

"बाई, थेंब पडला नाही अजून," सर वर बघतच म्हणाले.

"सर, फरशीवर पडला," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

सर म्हणाले, "सांगितलेलं ऐकलंत, झालं तर. बाटली इथे मी ठेवली, चूक माझी. आता खरी शोधा आणि आधी हात धुऊन या."

खरी बाटली पाण्याच्या तांब्यामागे होती. तेव्हापासून वर्गात गोंदाच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला लाल दोरा असतो. तो का, हे काकूंना आज हे लिहिलेलं वाचूनच कळतंय. काकू, रागवायचं तर माझ्यावर रागवा, सरांना विचारूनच लिहिलंय.

पुढच्या महिन्यात सर वर्गात आले. मी केलेली नवी सुई खिडकीच्या उजेडात धरली, उजवा डोळा बारीक केला आणि म्हणाले, "डावा पाय जाड राहिलाय बाई. परत घासा."

चष्मा लावूनही मला तो जाडपणा दिसला नाही. त्यांना दिसला. बोलणी खाऊन एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सरांना उदंड आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो, आणि शंभराव्या वर्षीही माझी सुई उजेडात धरून ते मला ती परत घासायला लावोत.